एका डॉलरचे एकशेचाळीस

काही दिवसांपूर्वी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयांच्या एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता ‘मूलभूत संशोधनाचा खर्च सरकारने का करावा?’ मुलांची तयारी उत्तम होती. पाच वक्त्यांनी मेंदूच्या संशोधनाचे उदाहरण घेतले होते आणि त्यांपैकी चौघांच्या तोंडी एकच वाक्य होते : मेंदूच्या संशोधनात एक डॉलर घातला की एकशेचाळीस डॉलर परत येतात. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मीही प्रभावित झालो आणि ‘मुद्देसूदपणा’च्या रकान्यात सढळ हाताने गुण दिले, हे कबूल केले पाहिजे. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. बँकेत ठेवलेला रुपया दुप्पट व्हायला नऊ-दहा वर्षे लागतात. मग हे एकशेचाळीस आले कोठून?

म्हणून या वाक्याची झडती घ्यायचे ठरवले. दोष मुलांचा नाही. त्यांनी ते कोठेतरी वाचले, आणि आपण शिक्षकांनी ते तपासले नाही.

वाक्याचा उगम सापडतो. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी तेथील संसदेपुढे वार्षिक भाषण केले. मानवी जनुकसंचाचा नकाशा तयार करण्यासाठी घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे अर्थव्यवस्थेला १४० डॉलर परत मिळाले, असे त्यात त्यांनी सांगितले आणि लागलीच ते मेंदूच्या नकाशाकडे वळले. दोन महिन्यांनी, २ एप्रिलला, ‘ब्रेन’ या नावाचा प्रकल्प जाहीर झाला. त्याच्या पहिल्या वर्षासाठी सुमारे १० कोटी डॉलरची तरतूद सुचवली होती. म्हणजे पहिली गोष्ट अशी की हा आकडा मेंदूच्या संशोधनाचा नाहीच. तो जनुकसंच प्रकल्पाचा आहे. दोन विधाने भाषणात शेजारी होती, इतकाच त्यांचा संबंध. शेजारच्याच्या गुणपत्रिकेवर आपला पोरगा पास करण्यातला हा प्रकार झाला.

आता मूळ आकडाही पाहू. तो बॅटेल या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०११ सालच्या अहवालातून आला. जनुकसंच प्रकल्पावर तेथील सरकारने ३८० कोटी डॉलर खर्च केले. २०१० सालच्या किमतीत ते सुमारे ५६० कोटी होतात. अहवालाप्रमाणे १९८८ ते २०१० या काळात त्यातून ७९,६०० कोटी डॉलरचा आर्थिक परिणाम घडून आला. भागाकार करा, १४० च्या आसपास उत्तर येते. भागाकारात चूक नाही. प्रश्न आहे तो ‘आर्थिक परिणाम’ या शब्दांचा.

आपल्या शाहूपुरीच्या गूळ बाजाराचे उदाहरण घेऊ. समजा, एका दिवसात तेथे एक कोटी रुपयांच्या गुळाची विक्री झाली. एक कोटीची उलाढाल झाली असे आपण म्हणू. पण एक कोटीचा फायदा झाला असे कोणी गुऱ्हाळवाला म्हणणार नाही. त्यातून उसाची किंमत, गुळव्याची मजुरी, जळण, अडत, हमाली, ट्रकभाडे हे सगळे वजा केल्यावर जे हाती राहील तो फायदा. त्यातही एखाद्याने शेतकऱ्याने ऊस विकला तेव्हा एकदा, गूळ विकला तेव्हा दुसऱ्यांदा आणि हमालाने मजुरीतून किराणा घेतला तेव्हा तिसऱ्यांदा बेरीज केली, तर आकडा कितीही फुगवता येतो. बॅटेलच्या अहवालातील बेरीज मुख्यतः उलाढालीची आहे. जनुकांशी संबंधित उद्योगाची विक्री, त्या उद्योगाने केलेली खरेदी आणि त्याच्या नोकरांनी केलेला खर्च त्यात येतात, आणि हे सारे श्रेय त्या एका प्रकल्पाच्या पदरात टाकलेले आहे. प्रकल्प झाला नसता तर यातले काहीच घडले नसते, असे गृहीत धरल्याखेरीज ते जमत नाही. आणखी एक बाब : अहवालासाठी पैसा दिला होता तो जनुके वाचण्याची यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिष्ठानाने. एवढ्यावरून अहवाल खोटा ठरत नाही. पण मालाची तारीफ विक्रेत्याकडून ऐकताना आपण जितके सावध असतो, तितके तरी येथे असावे.

या रीतीने हिशेब केला तर पंचगंगेच्या काठी मोठा खड्डा खणून तो पुन्हा बुजवण्याच्या कामातूनही भरघोस ‘आर्थिक परिणाम’ दाखवता येईल.

या युक्तिवादाचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. स्पर्धेत कोणी विचारला नाही, पण एखाद्या चलाख प्रतिपक्षाने विचारला असता तर चौघेही निरुत्तर झाले असते असा प्रश्न असा : एका डॉलरचे एकशेचाळीस होत असतील, तर सावकार आणि कंपन्या दाराशी रांग लावतील, त्यासाठी सरकारच्या तिजोरीला हात कशाला लावायचा? म्हणजे ज्या आकड्याने सरकारी खर्चाचे समर्थन करायचे, तोच आकडा सरकारी खर्च अनावश्यक ठरवतो. सरकारने का द्यावे, याचे उत्तर परतावा किती मोठा यात नाहीच. तो परतावा कोणाच्या हाती पडतो, यात ते आहे.

हे समजायला कोल्हापूरच्या माणसाला अमेरिकेला जावे लागत नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण सर्वांनी पाहिला आहे. नदीच्या पात्रात खांब, त्यांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत बरगे घालायचे आणि पावसाळ्यापूर्वी काढून घ्यायचे. पाणी अडते, काठावरचे पंप चालतात आणि पाझराने आसपासच्या विहिरींनाही पाणी चढते. आता असा बंधारा एकट्या शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने का बांधला नाही? त्याला फायदा झाला नसता म्हणून नव्हे. फायदा झाला असता, पण तो पाच-पंचवीस गावांत वाटला गेला असता आणि त्याच्या वाट्याला खर्चाच्या मानाने फार थोडा आला असता. ज्याने दमडी दिली नाही त्याच्या विहिरीचा पाझर त्याला बंद करता आला नसता. मूलभूत ज्ञानाचे असेच आहे. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये अर्थशास्त्राच्या भाषेत हेच मांडले : ज्याचा लाभ अडवून धरता येत नाही, त्यात खासगी पैसा गरजेपेक्षा कमीच जातो. बंधाऱ्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. वरच्या गावाने जास्त पाणी उपसले की खालच्या गावाला कमी पडते. ज्ञान कितीही जणांनी उपसले तरी आटत नाही. म्हणजे उपमा जेथे तुटते तेथे ज्ञानाची बाजू अधिकच भक्कम होते.

मेंदूच्या बाबतीत खासगी पैसा किती बिचकतो याची उदाहरणे ताजी आहेत. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन आणि ॲस्ट्राझेनेका या दोन बड्या औषध कंपन्यांनी २०१० मध्ये मानसिक आजारांवरील नव्या औषधांच्या शोधातून अंग काढून घेतले. जानेवारी २०१८ मध्ये फायझरने अल्झायमर आणि पार्किन्सन या रोगांवरील औषधशोध थांबवला. मेंदूच्या औषधांच्या चाचण्या लांबतात, बहुतेक फसतात आणि मधल्या काळात पेटंटची वर्षे सरत जातात. कंपनीने नफा पाहू नये अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण तिने सोडलेली जागा रिकामी राहते. लिथियमची कथा याहून जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवले की उन्मादाच्या रुग्णांना लिथियमच्या साध्या क्षारांनी उतार पडतो. पण हा निसर्गातला क्षार, त्यावर पेटंट कोण देणार? अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० साल उजाडले.

आता आपल्या मुलखातले उदाहरण, आणि ते जरा सविस्तर. कोकणातला लाल विंचू तुम्हांला माहीत असेल. त्याच्या विषात असे पदार्थ असतात की जे चेतापेशींच्या आवरणातील सोडियमची दारे धड मिटू देत नाहीत. आपल्या प्रत्येक चेतापेशीच्या आवरणात ही सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात, सोडियमचे भारित कण आत शिरतात, संदेश पुढे सरकतो आणि दार मिटते. दार मिटलेच नाही तर चेतातंतू पुन्हा पुन्हा संदेश पाठवत राहतो. त्यामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते. हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, आणि काही तासांत धडधाकट माणूस किंवा खेळते मूल दगावते.

महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे मृत्यू जवळून पाहिले. सुरुवातीची वर्षे ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर होते. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला. हा ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा अतिरेक आहे, तेव्हा ज्या ग्राहींवर ती द्रव्ये काम करतात ते ग्राही अडवले पाहिजेत, असा तर्क त्यांनी बांधला. त्यासाठी प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी निवडली. १९८२ आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणे छापून आली. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरात पंचवीस-तीस जण मरत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांनी नोंदले आहे. गोळी तोंडाने द्यायची, स्वस्त, कोणत्याही आरोग्य केंद्रात ठेवता येण्याजोगी. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता याचा हिशेब मांडा. प्राझोसिन कंपनीने काढले होते, आणि ते श्रेय तिला द्यायलाच हवे. पण तिने ते रक्तदाबाच्या रुग्णांसाठी काढले होते, विंचवासाठी नव्हे. ॲड्रेनॅलिनचे ग्राही दोन प्रकारचे असतात हे रेमंड अहलक्विस्ट यांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात बसून १९४८ मध्ये मांडले होते. त्यावाचून असे औषध मुद्दाम घडवता आले नसते. आणि त्या गोळीचा विंचवाशी संबंध जोडला तो कोकणातल्या एका डॉक्टरने. विंचू चावतो तो गवतात, दगड-विटांच्या ढिगात हात घालणाऱ्या माणसाला. त्याच्यासाठी नवे औषध शोधण्याचा विचार कोणत्याही कंपनीच्या मनात येणार नाही, कारण गिऱ्हाईक गरीब आणि वर्षातून एखाद्याच वेळचे.

येथे आणखी एक खोच आहे. संशोधनाने वाचलेला जीव रुपयांत मोजायचा एक रूढ मार्ग म्हणजे त्या माणसाची उरलेल्या आयुष्यातील कमाई मोजणे. या मापाने न्यूयॉर्कच्या बँक अधिकाऱ्याचा जीव महाडच्या शेतमजुराच्या शेकडो पट भरेल. म्हणजे ‘आर्थिक लाभ’ हाच एकमेव निकष ठेवला, तर विंचवाचे संशोधन यादीत तळाला जाईल. अर्थशास्त्राचा आधार घेताना त्याची फूटपट्टी कोणाच्या उंचीला कापलेली आहे, हेही पाहिले पाहिजे.

त्याच विंचवाची दुसरी कथा. १९९० मध्ये मर्क कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने या भारतीय लाल विंचवाच्या विषातून ‘इबेरिओटॉक्सिन’ नावाचे प्रथिन वेगळे केले. ते पोटॅशियमची एक विशिष्ट जातीची दारे नेमकी बंद करते, त्यामुळे जगभरच्या चेताविज्ञानाच्या प्रयोगशाळांत ते हत्यारासारखे वापरले जाऊ लागले. विंचू आपला, हत्यार त्यांचे! यात कोणी चोरी केली असे मी म्हणत नाही. मात्र शेतात पडलेली वस्तू उचलून तिचे ज्ञान करायला प्रयोगशाळा लागते, आणि ती पगार, वीज, ग्रंथालय यांसह दशकानुदशके चालवावी लागते.

तशी एक प्रयोगशाळा मुंबईत होती आणि आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था अणुऊर्जा विभागाच्या म्हणजे सरकारच्या पैशावर चालते. तेथे १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे ते फळमाश्यांकडे वळले. काही माश्या तापमान वाढले की लुळ्या पडतात आणि थंड केल्या की पुन्हा उडू लागतात. त्यांच्या चेतापेशींत नेमके काय बिघडते, यावर सिद्दिकी आणि सीमोर बेन्झर यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. लुळ्या माश्यांवर जनतेचा पैसा! विधानसभेत कोणी असा प्रश्न टाकला असता तर हशा पिकला असता. १९८९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की या माश्यांपैकी एका जातीत बिघडलेले जनुक सोडियमच्या दाराचेच आहे, त्याच दाराचे ज्याला विंचू खिळवून ठेवतो. आणि २००१ मध्ये कळले की तान्ह्या मुलांना होणाऱ्या अपस्माराच्या एका भयंकर प्रकारात माणसातील असेच एक जनुक बिघडलेले असते. या मुलांना फिटवरची नेहमीची काही औषधे, जी सोडियमची दारे अडवतात, दिली तर फिट वाढतात. म्हणजे येथे ज्ञानाचे फळ नवी महाग गोळी हे नव्हे. चुकीची गोळी न देणे, हे ते फळ आहे. ते कोणत्या कंपनीच्या ताळेबंदात दिसणार?

मुंबईच्या त्या निबंधामुळे थेट हे घडले, असा दोरा मी बांधत नाही. तसे केले तर मीही बॅटेलच्याच वाटेने गेलो. असे दोरे आधी दिसत नाहीत, आणि मागाहूनही ते एकेरी नसतात.

हिशेबात न येणाऱ्या रकमा खर्चाच्या बाजूलाही आहेत. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. त्यांची शुश्रूषा करते कोण? स्पर्धेतील ज्या पाचव्या मुलीने एकशेचाळीसचा आकडा वापरला नव्हता, तिने आपल्या आजोबांविषयी सांगितले होते. ते दिवसा-रात्री घराबाहेर पडतात म्हणून आईने नोकरी सोडली. मी तिला ‘विषयांतर’ म्हणून गुण कापले, आणि ते चुकलेच. पगारी परिचारिका ठेवली असती तर तिचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात जमा झाला असता. आईची बुडालेली नोकरी आणि रात्रीची जागरणे कोणत्याच खात्यावर पडत नाहीत. मेंदूच्या रोगांचा खर्च देश आजही भरतो आहे. तो भरणाऱ्यांत बहुतेक बायका आहेत आणि पावती कोणाला मिळत नाही. त्या पोरीचा मुद्दा पाचांत सर्वांत जास्त अर्थशास्त्रीय होता.

सरकारी पैसा दिला की झाले, असेही नाही. युरोपने २०१३ मध्ये मानवी मेंदू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा दहा वर्षांत संगणकात अख्ख्या मेंदूची प्रतिकृती उभी राहील अशा वल्गना झाल्या होत्या. २०१४ मध्येच शेकडो चेतावैज्ञानिकांनी उघड पत्र लिहून त्याच्या दिशेवर टीका केली. २०२३ मध्ये प्रकल्प संपला. सुमारे ६० कोटी युरो खर्ची पडले, मेंदूचे चांगले नकाशे व संगणकीय सोयी मिळाल्या, पण ती प्रतिकृती काही मिळाली नाही. त्याउलट हिमाचलातील कांगडा खोरे पाहा. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ पुरवले आणि गलगंडाचे प्रमाण मोजत राहिले. गर्भावस्थेत आयोडीन कमी पडले तर मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. आज आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीमागे हे काम आहे. ‘आधी गरिबाच्या पोटाचे पाहा, मग मेंदूचे संशोधन’ असे म्हणणाऱ्यांनी ती पुडी हातात घेऊन पाहावी. माझे मत विचाराल तर एका अवाढव्य प्रकल्पापेक्षा पन्नास लहान प्रयोगशाळा मला बऱ्या वाटतात. संशोधन आणि विकास यांवरचा भारताचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. एवढ्या तुटपुंज्या रकमेत वल्गनांना जागा नाही.

राहता राहिला काळाचा प्रश्न. हे गणित बारावीच्या वर्गात करून पाहण्याजोगे आहे. चाळीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज किती मोलाचे? द.सा.द.शे. ८ दराने चक्रवाढ धरली तर अवघे ४ रुपये ६० पैसे. ३ दराने धरली तर सुमारे ३० रुपये ६५ पैसे. दर कोणता धरायचा, एवढ्याने संशोधन ‘परवडते’ की ‘परवडत नाही’ हे ठरून जाते. मग मुलांना राधानगरीचा विचार करायला सांगा. शाहू महाराजांनी १९०७ मध्ये भोगावतीवर धरणाची योजना आखली, बरेच बांधकाम झाल्यावर पैशाअभावी ते अडले, १९२२ मध्ये महाराज गेले, आणि धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. १९०७ साली ८ टक्क्यांनी हिशेब करणाऱ्या कारभाऱ्याने दरबाराला काय सल्ला दिला असता, ते मुलांना वहीत मांडू द्या. दोन्ही दरांनी मांडू द्या.